मानमोडी: एका तापाचं नाव

(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



 आजच्या विषयाचं नाव चार अक्षरांचं आहे: मानमोडी. पुढच्या रांगेत जी पंच्याहत्तरी ओलांडलेली मंडळी आहेत, त्यांच्या कानावरून हा शब्द गेलेला असणार. जन्मतारखा लिहून ठेवण्याची रीत नव्हती तेव्हा वय सांगायच्या खुणा वेगळ्या होत्या. कुणी मोठ्या दुष्काळात जन्मलेलं, कुणी प्लेगाच्या साली गाव सोडून शेतात झोपडी टाकली तेव्हाचं, आणि कुणी 'मानमोडीच्या साली' पाळण्यात असलेलं. मागच्या रांगेतल्या शाळकरी मुलांना मात्र हा शब्द नवा आहे. त्यांच्या पुस्तकात ही साथ असलीच तर 'स्पॅनिश फ्लू' या नावानं असते. हे दुसरं नाव स्पेनमधून आलेलं नाही आणि पहिलं आपल्याच घरातलं आहे. म्हणून आज पहिल्या नावाबद्दल बोलायचं आहे.

साल १९१८, शके १८४०. युरोपातलं महायुद्ध संपत आलेलं. मुंबई बंदरात सैनिकांची जहाजं येत-जात होती. १० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस खात्यातले सात शिपाई तापानं आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. मलेरियाचा हा ताप नव्हता. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गोदी, गिरण्या, टपाल कचेऱ्या, बँका असं करत तो शहरभर पसरला. तीन-चार दिवस माणूस अंथरुणाला खिळायचा आणि बहुतेक वेळा उठून कामाला लागायचा. जुलैत ही लाट ओसरली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सप्टेंबरात ती परत आली तेव्हा तिचं रूप पालटलेलं होतं. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं दगावली. आगगाडीच्या रुळांवरून ती देशभर गेली. आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरची स्टेशनं, आणि जलंबहून खामगावला गेलेला फाटा. खामगाव म्हणजे कापसाची मोठी बाजारपेठ. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागात रूळ नव्हते, पण बैलगाड्या होत्या, आठवडी बाजार होते, आणि पलीकडे निजामाच्या हद्दीत जालन्याला रेल्वे पोचलेली होती. लोणार तेव्हा मेहकर तालुक्यातलं गाव. म्हणजे आपला हा पट्टा दोन लोहमार्गांच्या मधोमध होता आणि दोन्हीकडून माणसं इथे येत होती.

त्या वर्षी पावसानं देशभर दगा दिला होता. खरीप बुडालेलं, धान्य कडाडलेलं, चारा नाही. अशा वेळी ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, ताप घरात शिरला. आणि त्यानं निवडली ती ऐन उमेदीतली माणसं. एरवी साथीत म्हातारी आणि तान्ही आधी जातात. या साथीत वीस ते चाळीस वयाची माणसं सर्वांत जास्त गेली. आपल्या देशात त्यांतही पुरुषांपेक्षा बायका अधिक. आधीच अंगात रक्त कमी, पोटात अन्न कमी, आणि घरातल्या प्रत्येक आजाऱ्याचं दुखणं-खुपणं काढायला तीच. तिच्या उशाशी बसायला कुणी उरलेलं नसे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. हिंदुस्थानात एकूण किती माणसं गेली याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटीपर्यंत जातात. आजच्या भारताच्या हद्दीपुरतं बोलायचं तर १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

त्याच महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक कामी आले. त्यांच्यासाठी दिल्लीत इंडिया गेट उभं राहिलं आणि ते योग्यच झालं. मानमोडीत गेलेल्यांचा आकडा त्याच्या सुमारे १७० ते २७० पटींनी मोठा आहे. त्यांच्यासाठी कुठे एक चिरा उभा राहिलेला मला ठाऊक नाही. त्यांच्यामागे राहिला तो हा एक शब्द.

हा शब्द सरकारी कागदात नाही. गावात कुणी मेलं की कोतवाल गावकामगार पाटलाकडे वर्दी द्यायचा आणि नोंद व्हायची. इंग्रजी अंमलात मृत्यूच्या कारणांचे ठराविक रकाने होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, आणि इतर. नोंद करणारा काही डॉक्टर नव्हता. घरचे सांगतील ते त्यानं ऐकायचं आणि या आठ खणांपैकी एकात टाकायचं. बहुतेक मृत्यू 'ताप' या खणात गेले. सरकारचे आरोग्य अधिकारीही पुढे आकडेमोड करताना याच खणावर अवलंबून राहिले. नेहमीच्या वर्षांत तापानं इतके मरतात, यंदा इतके जास्त, तर वरचे एन्फ्लुएन्झाचे, असा हिशेब त्यांना करावा लागला.

तुमच्यापैकी कितीतरी जणांनी कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढलेली आहे. जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी, गेल्या काही वर्षांत तर घरोघर जुनी कोतवाल बुकं धुंडाळली गेली. पणजोबांचं नाव, बापाचं नाव, जात, तारीख एवढंच आपण बघतो. जातीच्या रकान्यावर बोट ठेवतो, झेरॉक्स घेतो आणि पान उलटतं. त्याच ओळीत मृत्यूच्या कारणाचाही रकाना असतो. पिवळा पडलेला, कडा झडलेला कागद, बोरूची शाई, वळणदार मोडी नाहीतर बाळबोध अक्षर, आणि नावामागून नाव येत असताना कारणाच्या जागी एकच शब्द: ताप. त्याखाली पुन्हा ताप. ज्याच्या हाती जुन्या दप्तराचं १९१८ सालच्या शेवटच्या तिमाहीचं पान येईल, त्यानं नुसता तो एक रकाना वरून खाली वाचावा, एवढी माझी विनंती आहे.

दप्तरानं जिथे 'ताप' म्हणून हात झटकले तिथे लोकांनी नाव ठेवलं. ते कसं घडलं ते आता बघू.

मान आणि मोडणे. आपल्या भाषेत तापाचं आणि मोडण्याचं नातं जुनं आहे. ताप यायच्या आधी आपण काय म्हणतो? 'अंग मोडून आलंय.' कणकण आहे, कसकस आहे, अंग मोडून आलंय. ताप अजून चढलेला नाही, पण सांधे बोलू लागलेत, ही अवस्था सांगायला याहून नेमकं बोलणं मला ठाऊक नाही. डेंग्यूला 'हाडमोड्या ताप' म्हणतात तेही याच घडणीतलं. म्हणजे मानमोडी हा शब्द कुणा पंडितानं घडवला नाही. बोलण्यात तो साचा तयार होता आणि त्या साथीनं शरीराचा जो भाग धरला तो त्या साच्यात बसला. डोकं फुटेल असं दुखणं, मानेपासून पाठीपर्यंत सगळे स्नायू आखडणं, उशीवरून मान उचलता न येणं, ही त्या तापाची ठळक लक्षणं होती. रोग्याला जे होत होतं तेच नाव झालं.

पण मान मोडणे याला दुसराही अर्थ आहे आणि तो तुम्हा सगळ्यांना समजतो. कोंबडीची मान मोडतात. मला वाटतं, या शब्दाची ताकद दोन्ही अर्थ एकत्र आल्यामुळे आहे. जूनच्या सौम्य तापाला पहिला अर्थ पुरला असता. ऑक्टोबरात, सकाळी धडधाकट असलेला माणूस दोन-तीन दिवसांत फुप्फुसं भरून धापा टाकू लागला, ओठ-नखं निळी पडली आणि त्यानं मान टाकली, तेव्हा दुसरा अर्थ आपोआप जागा झाला. दुखण्याचं नाव मरणाचंही नाव झालं.

जाता जाता एक खुलासा. जुन्नरजवळ मानमोडी नावाचा डोंगर आहे, त्यात बौद्ध लेणी आहेत. त्याचा आणि या साथीचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटिअरमध्येही त्या डोंगराचं हे नाव आहे. १९१८च्या कितीतरी आधीची ती गोष्ट आहे.

शब्दाचं लिंगही बघण्यासारखं आहे. ती मानमोडी. देवी, मरी, पटकी, महामारी, मोडशी, सगळ्या 'ती'. साथ 'येते' आणि 'जाते', बाईसारखी, आईसारखी, सासुरवाशिणीसारखी. मरीआईला ठाणं मिळालं, देवीला नवस मिळाले, कारण त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या आणि त्यांच्याशी गावाला कायमचं नातं ठेवावं लागलं. मानमोडीचं देऊळ मी पाहिलेलं नाही. ती इतक्या झपाट्यानं आली आणि गेली की नवस बोलायलाही सवड झाली नसावी.

आता थोडी वाट वाकडी करून मोडशी या शब्दाची हकिगत सांगतो, कारण तिच्याइतका लांबचा प्रवास आपल्या कुठल्याच रोगनामानं केलेला नाही. आज आपण अजीर्ण होऊन उलटी-जुलाब झाले की 'मोडशी झाली' म्हणतो. ओवा-सुंठ घेतली की बरी होते. पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी कोकण-गोव्यात याच शब्दानं पटकीसारखा जीवघेणा रोग सांगितला जाई. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानं १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं आहे आणि इथल्या लोकांचं नावही दिलं आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी मोडशीचं 'मोर्देशीं' झालं. ते फ्रेंचांनी ऐकलं आणि त्यांना त्यात आपल्या भाषेतले शब्द ऐकू आले, 'मोर द शियँ', म्हणजे कुत्र्याचं मरण. मग युरोपातल्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या हा रोग कुत्र्याच्या मरणाच्या नावानं वावरला. मूळ शब्दात कुत्रा नाही आणि मरणही नाही. माणूस आतून मोडतो, गळाठून जातो, एवढंच आमच्या माणसांनी पाहिलं होतं आणि एवढंच ते म्हणाले होते.

अशीच दुसरी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली. १९५२ साली आफ्रिकेत, आजच्या टांझानियाच्या दक्षिणेला, माकोंडे पठारावर एक नवा ताप आला. तिथल्या लोकांनी त्याला आपल्या भाषेत नाव दिलं, 'वाकवून टाकणारा' अशा अर्थाचं: चिकुनगुन्या. हा ताप १९७३ साली आपल्या बार्शीला येऊन गेला आणि तीसेक वर्षं गडप होऊन २००६ मध्ये महाराष्ट्रभर उसळला. तेव्हा त्या नावात 'चिकन' ऐकून लोकांनी कोंबडी खाणं सोडलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच वर्षी नवापूरला बर्ड फ्लू झालेला, त्यामुळे संशयाला जोर आला. हा ताप डासामुळे होतो, एकाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही. मानमोडीपेक्षा तो अगदी वेगळा. पण नाव ठेवण्याची दृष्टी बघा. माकोंडे शेतकरी आणि वऱ्हाडी शेतकरी यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही. दोघांनीही अंथरुणातलं शरीर पाहिलं. एकाला ते वाकलेलं दिसलं, दुसऱ्याला मोडलेलं.

याउलट लांबून ठेवलेली नावं कशी असतात? स्पेन महायुद्धात तटस्थ होता, त्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांवर युद्धकाळातली बंधनं नव्हती. राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडल्याची बातमी तिथे उघड छापली गेली. लढणाऱ्या देशांनी आपापल्या छावण्यांतली साथ दडवली आणि जगानं ती स्पेनच्या माथी मारली. खुद्द स्पेनमध्ये तिला 'नेपल्सचा शिपाई' म्हणत. हिंदुस्थानात ती मुंबईहून पसरली म्हणून 'बॉम्बे फीव्हर' झाली. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. हे काही युरोपीय माणसाचंच खोटं वळण नव्हे. अथर्ववेदात तापाला 'तक्मन्' म्हटलं आहे आणि तिथे त्याला विनवलं आहे की इथून जा. गांधार, मूजवंत, अंग, मगध या लोकांकडे जा. आपल्या गावोगाव मरीआईचा गाडा वेशीपलीकडे ढकलत नेण्याची रीत होती, ती याच जातीची. पलीकडे दुसऱ्या गावाची शीव असायची आणि तिथले लोकही त्यांचा गाडा पुढे ढकलायचे. सोळाव्या शतकात भावप्रकाश या वैद्यकग्रंथानं उपदंशासारख्या एका रोगाला 'फिरंग रोग' म्हटलं. भीतीपुढे सगळी माणसं सारखीच वागतात. जागतिक आरोग्य संघटनेला २०१५ साली नियम करावा लागला की नव्या रोगाला गाव, देश, जमात, व्यक्ती यांचं नाव देऊ नये; लक्षणांवरून द्यावं. मानमोडी या नावात कुणावरही ठपका नाही, कुठल्या गावाची, जातीची, देशाची बदनामी नाही. तो नियम आपल्या आज्यांनी शंभर वर्षं आधी पाळला.

कारणावरून ठेवलेल्या नावांचीही एक अडचण आहे. 'एन्फ्लुएन्झा' हा इटालियन शब्द, अर्थ प्रभाव. आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या प्रभावानं ताप येतो अशी समजूत होती. १७४३च्या साथीत हा शब्द इटलीतून इंग्रजीत गेला. 'मलेरिया' म्हणजे वाईट हवा. रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि हवा निर्दोष सुटली, तरी नाव तेच राहिलं. १९१८ साली जगभरचे नामांकित डॉक्टर मानमोडीचं कारण म्हणून एका जीवाणूकडे बोट दाखवत होते. तेही चुकीचं ठरलं. माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनला हाती लागला. कारणं बदलत गेली. आपला हिवताप मात्र हिवतापच राहिला, कारण रोगी आजही हिवानं कुडकुडतो.

मी लोकांच्या नावांची आरती करायला उभा नाही. लक्षणावरून ठेवलेलं नाव घसरतं. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतला विषमज्वर म्हणजे दिवसाआड, तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा ताप, म्हणजे बराचसा आजचा हिवताप. शाळेच्या पुस्तकात तोच शब्द टायफॉइडला चिकटला. त्याच टायफॉइडला घरात 'मुदतीचा ताप' म्हणतात आणि अनेक घरांत अजूनही मुदत पुरी व्हायची वाट बघत औषधाला उशीर होतो. हे नाव जुन्या काळी खरं होतं; प्रतिजैविकं आल्यावर ते घातक झालं. आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, घरी येऊन विचारतात तेव्हा त्यांना हे भाषांतर रोज करावं लागतं: बाई म्हणते 'अंगात ताप मुरलाय', ताईला लिहायचं असतं किती दिवस, किती डिग्री, थंडी वाजते का. ज्या ताईला दोन्ही भाषा येतात तिच्या हातून रोगी वाचतो. कोरोनात आपण हेही पाहिलं की नावाच्याच धास्तीनं माणसं 'साधा ताप आहे' म्हणत घरात लपली. तपासणी नको, कारण कागदावर ते नाव आलं की दाराला पत्रा ठोकतील, गल्ली बंद करतील, लोक तोंड फिरवतील. १९१८ साली कोतवालाच्या रकान्यात 'ताप' लिहिलं गेलं ते नाव ठाऊक नव्हतं म्हणून. २०२० साली तोच शब्द वापरला गेला, कारण नाव ठाऊक होतं.

आता कामाचं बोलतो. मानमोडीची माहिती मुंबईची, पुण्याची, नागपूरची थोडीफार छापून आलेली आहे. घाटावरच्या खेड्यांची फार कमी. ती दोन ठिकाणी आहे. एक, तहसिलातल्या अभिलेख कक्षात गठ्ठे बांधून ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांत. त्यांतली बरीच पानं हात लावला की तुटतात आणि मोडी वाचणारी माणसं आता शोधावी लागतात. दुसरं ठिकाण म्हणजे म्हाताऱ्या माणसांची ऐकीव आठवण. साथ पाहिलेलं आता कुणी नाही, पण पाहिलेल्यांच्या मांडीवर खेळलेली माणसं या मंडपात बसलेली आहेत. इथल्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुलांनी या सुट्टीत एवढं करावं: आपल्या गावातल्या आणि आजोळच्या सर्वांत जुन्या माणसाला विचारावं की त्या तापाला तुमच्या घरात काय म्हणत, कोण गेलं, मागे राहिलेली लेकरं कुणी वाढवली. मानमोडी म्हणत की दुसरं काही, हे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच उच्चारानं वहीत उतरवावं. शुद्ध करू नये. ज्यांच्या घरी कोतवाल बुकाची नक्कल आहे त्यांनी १९१८च्या आश्विन-कार्तिकातली नोंद असेल तर नाव, वय आणि कारणाचा रकाना तेवढा उतरवून शाळेत द्यावा. जातीचा रकाना यासाठी लागत नाही.